सडा : फुलांचा आणि कातळाचा



भिलाईच्या परिसरात, जुनवानीसारख्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला तांबड्या दगडाची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याही आधीपासून दल्ली-राजहऱ्याचे डोंगर आणि हा परिसर एकमेकांशी बांधले गेलेले आहेत. त्या डोंगरांतील तांबडे खनिज येथे येते, त्याचे लोखंड होते, लोखंडाचे पोलाद होते आणि पोलादाचे रूळ होतात. या कामाच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही होती. त्यांच्या मुलांनी व नातवंडांनी दगडाकडे पाहण्याची जी दृष्टी आत्मसात केली, ती स्वाभाविक अशीच आहे. दगड दिसला की त्यापासून काय तयार होईल, हा प्रश्न मनात प्रथम उभा राहतो.

आजचा विषयही तांबडा दगडच आहे. तथापि या दगडापासून कोणी काही तयार करीत नाही. तो जेथे आहे तेथेच राहतो, आणि वर्षातून काही आठवडे त्याच्यावर फुले येतात. हा दगड साताऱ्याजवळच्या कास पठाराचा आणि तेथून दक्षिणेस पसरलेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानातील सड्यांचा होय. पुष्कळ लोक कास पाहून येतात आणि फुलांची छायाचित्रे घेऊन परततात. त्यांनी फुले पाहिलेली असतात यात शंका नाही. पण ज्या कातळावर ती उभी होती, तो कातळ बहुधा पाहावयाचा राहून गेलेला असतो. कातळ कळल्याखेरीज फुले कळत नाहीत आणि त्यांचे रक्षण कसे करावे हेही कळत नाही. या व्याख्यानात सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम ‘सडा’ हा शब्द पाहू. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ सर्वांच्या तोंडी आहेत. पहाटे अंगणात शिंपला जातो तो सडा, आणि प्राजक्ताखाली पडतो तो फुलांचा सडा. परंतु कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर या शब्दाला तिसरा अर्थ आहे. डोंगराच्या माथ्यावर पसरलेल्या, झाड नसलेल्या, सपाट खडकाळ जागेस तेथील लोक सडा म्हणतात. गावाची गुरे चरावयास जातात ती सड्यावर. फुलांचा सडा आणि कातळाचा सडा हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात, असे स्थळ म्हणजे कास.

कास पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे बाराशे मीटर भरते. पठारालगत कास तलाव आहे आणि त्याचे पाणी सातारा शहराला जाते. पश्चिमेच्या कड्यावर उभे राहिले असता खाली कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे फाटे दिसतात. कास हे नाव तेथे आढळणाऱ्या कासा नावाच्या वृक्षावरून आले, असे मानतात. पठारावर व त्याच्या आसपास साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी चार महाराष्ट्रातील आहेत : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य.

आता हा कातळ कसा घडला ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा बेसाल्ट बनला. पुढे दीर्घकाळ उष्ण व दमट हवामानात या खडकावर पाऊस पडत राहिला. पाण्याबरोबर खडकातील सिलिका, चुना आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून गेली. मागे उरली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. त्यांचे जे कठीण, सच्छिद्र, गंजाच्या रंगाचे कवच तयार झाले, तोच जांभा दगड होय. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजाची जडणघडण याहून वेगळी आणि कितीतरी जुनी आहे. पण दोन्ही ठिकाणच्या तांबडेपणाचे कारण एकच, आणि ते म्हणजे लोखंड. कोकणातील घरांच्या भिंती ज्या चिऱ्यांनी बांधतात, तो दगडही हाच.

या जांभ्यावर माती नाममात्र असते. कोठे बोटभर, कोठे मुठीएवढ्या खळग्यात साठलेली, तर कोठे मुळीच नाही. जी आहे तीही निकस. पावसाने तिच्यातील पोषक द्रव्ये पुन्हा पुन्हा धुऊन नेलेली असतात. जवळच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिलाईचा पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या माऱ्याची कल्पना येईल. पावसाचे चार महिने सडा पाण्याखाली भिजत असतो, आणि उरलेले आठ महिने उन्हात भाजत असतो. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. मोठ्या वृक्षाला येथे मूळ रोवता येत नाही.

नेमके येथेच या फुलांचे रहस्य आहे. जमीन जर खोल आणि कसदार असती, तर तेथे जंगल उभे राहिले असते, आणि जंगलाच्या सावलीत ही फुले उगवली नसती. सड्यावर वृक्षाला जागा नाही म्हणूनच बोटभर उंचीच्या रोपट्यांना आकाश मोकळे आहे. सडा दरिद्री आहे आणि त्याची सारी श्रीमंती त्या दारिद्र्यातून आलेली आहे. येथे टिकून राहिलेल्या प्रत्येक वनस्पतीने या दारिद्र्याशी आपापल्या रीतीने तडजोड केलेली असते.

काहींनी जमिनीखाली कंद साठविले आहेत. पहिला पाऊस पडताच दीपकाडी व चवर या वनस्पती माथा वर काढतात. सुकलेला कंद आठ महिने खडकाच्या फटीत पडून होता, हे त्यांच्याकडे पाहून खरे वाटत नाही. काही गवते उन्हाळ्यात वाळून कोळ होतात, मेल्यासारखी दिसतात. पण ओल मिळताच थोड्या अवधीत पुन्हा हिरवी होतात. कातळावरील उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

काही वनस्पतींनी तर मातीवर विसंबणेच कमी केले आहे. सप्टेंबरात ओलसर कातळावर जांभळ्या-निळ्या रंगाची एक चादर अंथरलेली दिसते. त्या फुलाला लोकांनी ‘सीतेची आसवे’ असे नाव दिले आहे. नाव हळवे असले, तरी ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या मुळाकडील भागावर, ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला झडप असते आणि झडपेवर केस असतात. पाण्यातील सूक्ष्म जीवाचा त्या केसांना स्पर्श झाला की झडप आत उघडते आणि पाण्यासह तो जीव आत ओढला जातो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. निकस मातीत जे नायट्रोजन मिळत नाही, ते ही वनस्पती अशा रीतीने मिळविते. तिच्याच शेजारी दवबिंदू नावाचे रोपटे उभे असते. त्याच्या पानांवरील चिकट थेंब दवासारखे चमकतात आणि त्यांवर बसलेला कीटक तेथेच अडकतो.

कंदीलपुष्पाची रीत निराळी आहे. त्याला कीटक खावयाचा नसतो. त्याच्याकडून परागांची ने-आण करून घ्यावयाची असते. त्याचे फूल कंदिलासारखे, मध्ये अरुंद नळी असलेले असते. वासाने ओढली गेलेली लहानशी माशी नळीतून आत उतरते. नळीतील केस खालच्या बाजूस वळलेले असल्यामुळे तिला परत फिरता येत नाही. परागण झाल्यानंतर हे केस सुकून जातात आणि माशीला वाट मोकळी होते. कंदीलपुष्पाच्या काही जाती जगात केवळ या डोंगररांगांतच आढळतात.

अशा क्रमाने जून ते ऑक्टोबर सडा आपले रंग बदलीत असतो. प्रथम कंदांची पांढरी फुले येतात. मग गेंदाचे पांढरे गोळे आणि सीतेच्या आसवांची निळाई दिसू लागते. सप्टेंबरच्या सुमारास तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग सर्वत्र पसरतो. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात. त्यांमुळे मुले त्यास मिकी माउस म्हणतात आणि आता मोठ्यांच्याही तोंडी तेच नाव बसले आहे. उतारावर कारवी असते. तिला फुलावयास सात-आठ वर्षे लागतात. मग ती सर्व एकदम फुलते, बी धरते आणि मरून जाते. केरळातील एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर या दुर्मिळ रानबकऱ्यांच्या सहवासात बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ही या कारवीचीच सगोत्र आहे. २०१८ साली ती तेथे फुलली होती.

ऑक्टोबर उलटला की सारे संपते. नोव्हेंबरात कासला गेलेला प्रवासी वाळक्या गवताखेरीज काही दिसले नाही म्हणून निराश होतो. जमिनीच्या कागदपत्रांची दृष्टीही या प्रवाशाहून फारशी वेगळी नाही. महसुली भाषेत लागवडीस अयोग्य जमिनीला पोटखराबा म्हणतात, आणि सातबाराच्या उताऱ्यावर कातळाची नोंद अशाच शब्दांत होते. ज्या जमिनीत पीक येत नाही ती खराब, हा हिशेब शेतकऱ्याच्या पोटातून आलेला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एकदा खराब म्हटलेल्या जमिनीवर काहीही केले तरी चालते, अशी समजूत त्यातून निर्माण होते. दगडाच्या खाणी, बॉक्साइटचे उत्खनन, रस्ते, विश्रामगृहे, पवनचक्क्या या सर्वांसाठी सह्याद्रीतील सडे सोयीचे ठरले, ते याच समजुतीमुळे. छत्तीसगडमधील मैनपाटच्या पठारावरही बॉक्साइटच्या खाणी आहेत. तेव्हा हा प्रश्न येथील लोकांना अपरिचित नाही.

सडा खरोखरच रिकामा असतो काय? साताऱ्याजवळच्याच चाळकेवाडीच्या पठाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या पठारावर एक लहान सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी कातडी असते आणि तिच्यावर निळा, काळा व शेंदरी असे झळझळीत रंग असतात. मादीला आकर्षित करण्यासाठी आणि प्रतिस्पर्ध्याला धाक घालण्यासाठी तो दगडावर चढून हा पंखा उघडतो आणि मिटतो. हे दृश्य दिसते ते पावसापूर्वीच्या कडक उन्हाळ्यात, म्हणजे सडा सर्वांत उजाड असतो त्या दिवसांत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या प्राण्यास स्वतंत्र जाती म्हणून मान्यता दिली. त्याच्या वंशाचे नाव त्यांनी ‘सरडा’ असेच ठेवले. अशा रीतीने मराठीतील एक साधा शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात दाखल झाला.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना करण्यात आली. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात ते कमी झाल्यामुळे सरड्यांची संख्या मात्र वाढली होती. वरवर पाहता सरड्यांचे चांगले झाले, असे कोणीही म्हणेल. परंतु गर्दीमुळे त्यांचे अन्न वाटले गेले होते, शरीरे कृश झाली होती आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला होता. भय कमी झाल्यामुळे माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. वारा फुकटचा आणि जमीन पोटखराबा, म्हणून उभारलेल्या यंत्राचा परिणाम घारी-ससाण्यांपासून सरड्याच्या गळ्याच्या रंगापर्यंत पोचला. पवनचक्की वाईट आहे, असे यावरून ठरत नाही; तिच्यापासून मिळणारी वीज स्वच्छच असते. ठरते ते इतकेच, की ती जेथे उभी केली ती जागा रिकामी नव्हती.

महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, सिंधुदुर्गातील आंबोलीच्या कातळांवर, असाच एक लहान भेक राहतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. अंगावरील पिवळ्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघाचा उल्लेख आला आहे. कातळावर पावसाचे जे उथळ पाणी साचते, त्यात तो अंडी घालतो. खळगा बुजला की त्याचे घर संपले. भिलाईच्या मैत्री बागेत पांढरे वाघ पाहिलेल्या मुलांना दुर्मिळ प्राणी म्हणजे मोठा प्राणी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अंगठ्याएवढा हा पट्टेदार प्राणीही तितकाच दुर्मिळ आहे, आणि त्याला पिंजऱ्यात ठेवून वाचविता येण्यासारखे नाही. त्याचे रक्षण करावयाचे म्हणजे त्याचा दगड राखावयाचा.

आता राखण्याचा प्रश्न. हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे कासच्याच इतिहासावरून दिसते. कासची कीर्ती पसरली, वारशाच्या यादीत नाव आले आणि फुलांच्या हंगामात मोटारींची रीघ लागली. लोक फुलांत बसू लागले, फुले तोडू लागले, कातळावर गाड्या उभ्या करू लागले. हे थांबविण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले. हेतू चांगला होता आणि तुडवातुडव कमीही झाली. पण कुंपणामुळे गुरेही बाहेर राहिली. पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात या सड्यावर आसपासच्या गावांची गुरे चरत आलेली होती. ती उंच वाढणारे गवत खात, त्यामुळे बुटक्या रोपट्यांना ऊन मिळे. त्यांच्या शेणामुळे निकस मातीला थोडे खत मिळे. गुरे गेली आणि गवत वाढले. काही वर्षांतच फुलांचे गालिचे विरळ होत असल्याचे गावकरी आणि वनस्पतितज्ज्ञ सांगू लागले. पुढे २०२२ च्या सुमारास ते कुंपण काढण्यात आले.

हा अनुभव एकट्या कासचा नाही. १९३१ साली फ्रँक स्माइथ या गिर्यारोहकाने गढवालमधील एका दरीला भेट दिली आणि आपल्या लेखनाने ती ‘फुलों की घाटी’ म्हणून जगाला परिचित केली. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि मेंढपाळांना चराईची बंदी झाली. त्यानंतर पॉलिगोनम नावाच्या उंच वाढणाऱ्या वनस्पतीने दरीचा बराच भाग व्यापला आणि तिच्याखाली लहान फुलझाडे दबू लागली. ती उपटून काढण्याचे काम वनखात्याला हाती घ्यावे लागले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई बंद झाली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासात असे दिसून आले, की म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांची उघड्या पाण्याची जागा आक्रसली.

या उदाहरणांवरून गुरांना सर्वत्र मोकळे सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. गुरे प्रमाणाबाहेर झाली तर तीही सडा उजाड करतील. अर्थ असा, की ज्या भूमीला आपण निसर्गनिर्मित म्हणतो, तिच्या घडणीत तेथील माणसांचाही हात असतो. त्यांना वगळून केलेले रक्षण पुष्कळदा अपुरे पडते. म्हणूनच कासची व्यवस्था पठारालगतच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीकडे आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. हंगामात आगाऊ नोंदणी करावी लागते, प्रवेशशुल्क द्यावे लागते आणि दिवसाला किती लोकांना सोडावयाचे याला मर्यादा असते. या शुल्कातून गावातील तरुणांना पहारा व मार्गदर्शन यांचे काम मिळते.

कासहून दक्षिणेकडे, कोयना अभयारण्याच्या पलीकडे चांदोली लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा या वनात भेटतात. १९८५ साली येथे अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर आहे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. कासला मुख्यतः सडा दिसतो. चांदोलीत सडा आणि जंगल एकमेकांना लागून असतात. झोळंबीसारख्या विस्तीर्ण सड्यांवरून खाली उतरावे तो दाट सदाहरित वन सुरू होते. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि कोळसुंदे येथे आढळतात. ससाएवढे पिसोरी हरीण येथे आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधतो. गवे चरण्यासाठी गवताळ मोकळ्या जागी येतात. गुरे जे काम कासला करीत, तेच काम येथे बऱ्याच अंशी गवा करतो.

या मोकळ्या जागांपैकी पुष्कळ पूर्वी शेते होती. वारणा नदीवर चांदोली येथे धरण झाले आणि पुढे वनाला संरक्षण मिळाले, तेव्हा या डोंगरांतील गावे उठून सपाटीवर गेली. ज्यांनी ही जमीन कसली, तिची नावे ठेवली, तिच्यावरची देवस्थाने राखली, ते लोक आता दूर राहतात. चांदोलीच्या शांततेची प्रशंसा करणाऱ्याने या शांततेची किंमत कोणी दिली, हेही ध्यानात ठेवावे. भिलाईचा कारखाना उभा राहिला तोही गावांच्या जमिनींवर. राष्ट्राच्या हितासाठी कोणीतरी आपले अंगण सोडले, ही गोष्ट कारखान्याबाबत जशी खरी, तशी उद्यानाबाबतही खरी आहे.

या वनात दीर्घकाळ वाघ जवळजवळ नव्हताच. त्याच्या खुणा अधूनमधून मिळत. पण प्रकल्प झाल्यानंतर आठ वर्षे त्याचे छायाचित्र मिळाले नव्हते. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. दक्षिणेकडून डोंगरांच्या रांगेरांगेने तो आला असावा, असे मानले गेले. याचा अर्थ असा, की गोव्याकडील वनांपासून येथवर एक वाट अजून शिल्लक आहे, आणि ती वाट सड्यांवरून व देवरायांतून, गावांच्या कडेकडेने जाते. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. वाघ आणून सोडणे हे अवघड काम आहे. परंतु सड्यावरील गवत, गवतावरील सांबर आणि दोन वनांमधील वाट शाबूत राखणे हे त्याहून अवघड आहे.

येथून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आता थोडे व्यवहाराचे. दुर्गहून गोंदिया गाठावे. तेथून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, पुणे या मार्गाने साताऱ्यावरून जाते. कासला जावयाचे तर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंतचा काळ उत्तम. शनिवार-रविवार टाळावेत आणि नोंदणी आधी करावी. पायवाट सोडू नये. फुलांत बसून छायाचित्र घेण्याचा मोह आवरावा. बोटभर मातीत उभे असलेले रोप एकदा चिरडले, की त्याचा कंदही जातो आणि मातीही वाहून जाते. खडकावरील पाण्याच्या डबक्यात पाय घालू नये, त्यात कोणाची तरी अंडी असू शकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुडघे टेकून बसावे आणि हातभर जागा बराच वेळ पाहावी. कास पाहावयास उंची लागत नाही, वाकणे लागते.

चांदोली पावसाळ्यात प्रवाशांना बंद असते. थंडीत किंवा उन्हाळ्यात जाणाऱ्यास तेथे गवा दिसेल, शेकरू दिसेल, कदाचित वाघाचे पाऊलही दिसेल. पण फुले दिसणार नाहीत. सप्टेंबरात झोळंबीच्या सड्यावरही कातळाच्या खळग्यांत पाणी भरते आणि ओल्या खडकावर फुले उमलतात. ती पाहावयास तेव्हा कोणी नसते. गवे त्यांतून जातात आणि धुके त्यांवरून सरकते. काही आठवड्यांनी ती सुकतात, त्यांचे बी मातीच्या त्या बोटभर थरात पडते आणि सडा पुन्हा तांबडा होतो.

कासला जाऊन आलेल्याने हा न पाहिलेला सडाही आपल्या मनात धरावा. नंतर केव्हातरी, दल्ली-राजहऱ्याकडून आलेल्या तांबड्या दगडांनी भरलेल्या वाघिणी भिलाईच्या स्थानकातून जाताना दिसतील. तेव्हा त्या दगडापासून काय तयार होईल, या सवयीच्या प्रश्नाच्या शेजारी त्याने आणखी एक प्रश्न ठेवावा : हा दगड जेथून काढला, तेथे त्याच्यावर काय उगवत होते? दोन्ही प्रश्न एकाच माणसाने विचारले पाहिजेत. ज्या वस्तीने दगडाचे पोलाद केले, तिला हा दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतरांपेक्षा थोडा अधिकच आहे.